तारेवरचं लाल लुगडं

मुलांनो, जरा डोळे मिटा आणि माझ्याबरोबर चला.

एक गल्ली डोळ्यांपुढे आणा. होळी बाजारातून निघालेला रस्ता केळीच्या वाड्यांमधून वळत वळत एका गावात शिरतो, तिथली ही गल्ली. दोन्ही बाजूंना बैठी घरं. घरामागे वाडी, वाडीत विहीर. गल्लीच्या तोंडाशी पांढरा रंगवलेला क्रूस. आता त्या क्रुसाजवळ एक आडवा बांबू बांधा. घट्ट बांधा हं, कारण बांबूच्या अलीकडच्यांनी पलीकडे जायचं नाही आणि पलीकडच्यांनी अलीकडे यायचं नाही. शाळा फोनमध्ये, मैत्रिणीही फोनमध्ये. मे महिना आहे, आंबे पिकून खाली पडताहेत, पण झाडाखाली चौघांनी जमून खायची सोय नाही. आणि तुम्ही दहा वर्षांचे आहात.

उभं राहिलं चित्र? मग त्या बांबूवर हनुवटी टेकवून रस्त्याकडे बघत असलेली मुलगीही दिसली असेल. तिचं नाव टिफनी.

करोनाची दुसरी लाट आली होती ते हे दिवस. पहिल्या लाटेतला बांबू मधल्या काळात कुणीतरी दुधीच्या मांडवाला लावून टाकला होता. आपण सुटलो असंच सगळ्यांना वाटलं होतं. आता नवा बांबू आला आणि त्याबरोबर जुनी भीतीही परत आली.

टिफनीच्या शेजारच्या घरात क्लेमेंटीनआजी एकटी राहायची. ती टिफनीची सख्खी आजी नव्हे, पण टिफनी चालायला शिकली तीच मुळी आजीच्या ओट्याकडे जायला म्हणून, असं तिची मम्मी सँड्रा सांगायची. आजीचा मुलगा कुवेतला होता आणि त्याचं येणं बंद झालं होतं. मे महिन्यात रोज संध्याकाळी क्रुसापाशी जमून रोझरीची प्रार्थना म्हणायची गावाची रीत. यंदा जमायची बंदी, म्हणून जो तो आपापल्या ओट्यावरून म्हणायचा, आणि सुरुवात करायची ती क्लेमेंटीनआजीने. तिचा आवाज असा खणखणीत, की नाक्यावरच्या कुत्र्यांनाही आता प्रार्थना पाठ झाली असेल, असं टिफनीचे डॅडी म्हणायचे.

आणि आजीचं लुगडं! लाल चौकड्यांचं, नऊवारी. रोज सकाळी चर्चची घंटा झाली की आजी विहिरीवरच्या दगडावर लुगडं धुणार आणि आंबा आणि फणस यांच्यामध्ये बांधलेल्या तारेवर वाळत घालणार. घालून झालं की दोन पावलं मागे येऊन बघणार. चौकडी वाकडी दिसली तर पुन्हा काढून पुन्हा घालणार. पाऊस असो, सण असो, गुडघे ठणकत असोत, यात खंड नाही.

आता गावात बाहेरची पोरं कशी आली ते सांगायला हवं.

ज्युलियस सर या गावचेच, आणि विरारच्या बाजूच्या एका कॉलेजात शिकवायचे. विद्यापीठाचा कॉलेजला निरोप आला, की मुलं घरी बसली आहेत, त्यांना आसपासच्या वस्त्यांच्या मदतीला लावा. सरांनी चर्चच्या पटांगणात घरटी एकेकाला परवानगीने लांब लांब बसवलं आणि हे सांगितलं. लगेच निकोलसकाका उभे राहिले. काकांचा भाजीचा टेम्पो होता आणि गावात त्यांचा शब्द चालायचा.

"बाहेरची पोरं आली की आजार घेऊनच येणार," काका म्हणाले. "तुझे विद्यार्थी तुझ्या कॉलेजात ठेव, ज्युलियस."

"निकोलस, तुझी वांगी वाडीत सडतात की नाही?"

"सडतात. त्याचं इथं काय?"

"बोळिंजच्या बिल्डिंगींत माझी पोरं डाळभात खाऊन वैतागलीत. तू टेम्पो सोसायटीच्या गेटपर्यंत ने. तिथून घराघरांत पोरं पोचवतील. येताना त्याच टेम्पोतून आपल्या म्हाताऱ्यांची औषधं आण. पोरंच ती दुकानातून घेऊन ठेवतील. गावात फक्त एकजण येईल, तोही सगळी काळजी घेऊन."

काकांनी बोटांवर हिशेब केला. मग म्हणाले, "दुधीपण घेतील का?"

तिथंच सगळं ठरलं.

गावात यायची ती दिपिका. खाडीकडच्या गावातली, बी.एस्सी.ला शिकणारी, स्कूटरवरून भरधाव येणारी. आणि हितेश गावात कधी आलाच नाही. तो बोळिंजला चौथ्या मजल्यावरच्या घरात बसून फोन सांभाळायचा. कुठल्या सेंटरमध्ये बेड रिकामा आहे, कुठे ऑक्सिजन आहे, याची चौकशी तो आणि त्याचे सोबती दिवसभर करायचे. गावाने हितेशचा आवाज तेवढा ओळखायचा.

एकट्या राहणाऱ्या प्रत्येक म्हाताऱ्या माणसाला कॉलेजने दोन फडकी दिली, एक हिरवं आणि एक लाल. तब्येत ठीक असेल तर घराबाहेर हिरवं लावायचं. मदत हवी असेल तर लाल. सोपी युक्ती, पण पहिल्याच सकाळी तिचा पार बोजवारा उडाला. दिपिका गल्लीच्या तोंडाशी स्कूटर लावते न लावते तोच तिने फोन कानाला लावला.

"हितेश, पहिल्याच घरी रेड आहे! थांब थांब, समोरच्याकडेपण. अरे, त्याच्या पलीकडेपण! अख्खी गल्ली रेड आहे रे!"

तिकडे हितेशने सरांना उठवलं, सरांनी डॉक्टरांना उठवलं. इकडे दिपिका तोंडावर प्लास्टिकचा पडदा, हातात मोजे, अशी धावतच क्लेमेंटीनआजीच्या फाटकाशी आली. आजी ओट्यावर बसून फणसाचे गरे काढत होती.

"काय गं, कुणाचं काय झालं?"

"आजी, तुम्ही आत जाऊन पडा! तुम्ही लाल लावलंय!"

आजीने तारेकडे बघितलं, मग दिपिकाकडे. "लाल नाही तर काय काळं लावू? लुगडं आहे ते माझं. तुझ्या आजीला लुगडं नव्हतं काय?"

टिफनी हसून हसून ओट्यावर आडवी झाली. गावातल्या साऱ्या म्हाताऱ्या बाया लाल लुगडं नेसणाऱ्या, आणि सकाळच्या वेळी ती सगळी तारांवर! त्या दिवशी सरांनी नियम पक्का केला. फाटकाला बांधलेलं फडकं तेवढंच खरं. तारेवर काय आहे तिकडे बघायचंच नाही.

आजीने लाल फडक्याचं काय केलं? दुहेरी शिवून त्याने चुलीवरची भांडी उतरवायला सुरुवात केली. "एवढं बरं कापड उन्हात कशाला सडवायचं?" हिरवं मात्र ओट्यावरच्या खुंटीला असायचं. आजीचे गुडघे दुखत, म्हणून सकाळी ते फाटकाला बांधायचं आणि संध्याकाळी सोडायचं, हे काम टिफनीने आपल्याकडे घेतलं. शाळा नसलेल्या त्या दिवसांत आपल्याला काहीतरी काम आहे याचा तिला फार अभिमान होता.

असं छान चाललं होतं. मग एका सकाळी टिफनी फाटकाशी गेली आणि तिला काहीतरी चुकल्यासारखं वाटलं. खुंटीवर फडकं होतं. विहीर होती, आंबा होता, फणस होता. तार रिकामी होती.

ती खिडकीशी गेली. आत आजी पलंगावर होती, अंगात गाऊन, केस सुटलेले. टिफनीने आजीला लुगड्याशिवाय कधी बघितलंच नव्हतं. तिला वाटलं, ही दुसरीच कुणीतरी आहे.

"आजी, लुगडं नाही धुतलंस?"

"आज कंटाळा आला."

"तुला कंटाळा?"

"का? मला येऊ नये? बांध ते हिरवं आणि जा खेळायला." पण बोलता बोलताच आजीला खोकला आला, आणि तो लवकर थांबेना.

"आजी, तू आजारी आहेस. मी दिपिकाताईला—"

"हळू बोल!" आजी कोपरावर उठून बसली. "गेल्या वर्षी माझ्या भावाला नेलं, ॲन्सेल्मला. आपल्या पायांनी चालत गाडीत बसला तो. मला हात केला. आला का परत? मातीसुद्धा लांबून बघितली मी त्याची." तिने श्वास घेतला. "मी नाही जायची. पडून राहिले की बरी होईन. तू कुणाला सांगायचं नाहीस. तिकडं क्रुसाकडे बघ आणि बोल."

खिडकीतून क्रूस दिसत होता. टिफनीने त्याच्याकडे बघितलं. "नाही सांगणार," ती म्हणाली. आणि जाऊन तिने हिरवं फडकं बांधलं.

थोड्या वेळाने दिपिका आली. "क्लेमेंटीनआजी ग्रीन!" ती फोनमध्ये म्हणाली आणि टिफनीला हात केला. "तू आहेस ना, म्हणून मला या घराची काळजीच वाटत नाही बघ!"

दुसऱ्या कुठल्या दिवशी टिफनी हे ऐकून उड्या मारत घरी गेली असती. त्या दिवशी ती गुपचूप केळीत जाऊन बसली.

संध्याकाळी सगळे ओट्यांवर आले. प्रार्थनेची वेळ झाली. क्लेमेंटीनआजीच्या ओट्यावर कुणी नव्हतं. जो तो सुरुवातीची वाट बघत राहिला. शेवटी टिफनीच्या मम्मीनेच सुरुवात केली, तीही अर्धवट आवाजात. प्रार्थना संपल्यावर निकोलसकाकांनी समोरून विचारलं, "टिफनी, आज क्लेमेंटीनचा आवाज कुठं गेला?"

सगळी गल्ली टिफनीकडे बघायला लागली.

"घसा बसलाय तिचा," टिफनी म्हणाली. एवढं पुरलं नाही असं वाटून तिने पुढे जोडलं, "कैरी जास्त खाल्ली."

"मीठ लावून खाल्ली असेल! या वयात!" काका हसले, सगळेच हसले. टिफनीला जेवण गेलं नाही. खोटं बोलणं इतकं सोपं असतं हे तिला आजवर माहीत नव्हतं, आणि त्याचीच तिला भीती वाटली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चर्चची घंटा झाली तेव्हा ती आधीच फाटकाशी उभी होती. तारेवर नुसते कपड्यांचे दोन चिमटे. तिने खिडकीवर टकटक केलं. बऱ्याच वेळाने आतून आवाज आला, पण तो आजीचा खणखणीत आवाज नव्हता. एक शब्द, मग श्वास. पुन्हा एक शब्द.

"बांध... हिरवं... बाय."

टिफनीने फडकं हातात घेतलं. सांगितलं तर आजीला नेतील. न सांगितलं तर... पुढचं वाक्य तिला मनातसुद्धा पुरं करता येईना. हातांनी सवयीने गाठ मारलीसुद्धा. तेवढ्यात नाक्यावर स्कूटर वाजली. टिफनीने घाईघाईने गाठ सोडली, नखं दुखेपर्यंत ओढून सोडली, आणि फडकं फ्रॉकच्या खिशात कोंबलं.

"अगं, आज फडकं कुठंय?" दिपिका लांबूनच म्हणाली.

टिफनीने क्रुसाकडे बघितलं. तोंड काही उघडेना. मग तिने हात वर केला. "ताई, तारेकडे बघ."

"तारेकडे? तारेकडे बघायचं नाही असं ठरलंय ना आपलं?"

"बघ ना पण."

"काय बघू? काहीच तर नाहीये तिथं."

"कालपण नव्हतं," टिफनी म्हणाली. आणि मग तिला रडूच कोसळलं. "ती म्हणाली, सांगू नको, तिच्या भावाला ॲन्सेल्मला नेलं तो परतच आला नाही. मी क्रुसाकडे बघून बोलले होते, ताई. पण तिला श्वास येत नाहीये!"

दिपिका क्षणभर त्या रिकाम्या तारेकडे बघत राहिली. पहिल्या दिवसाचा गोंधळ तिला आठवला असणार. मग ती धावली.

या गल्लीत औषधं घरात द्यायची एक पद्धत होती. आंबे उतरवायचा झेला माहीत आहे ना, लांब काठीला जाळी लावलेला? त्या जाळीत पुडकं ठेवायचं आणि काठीने लांबूनच खिडकीत सरकवायचं. दिपिकाने जाळीत बोटाला लावायचं ऑक्सिमीटर ठेवलं. "आजी, बोटाला लावा आणि मला आकडा वाचून दाखवा."

"चष्मा... नाही..."

"मग हात खिडकीकडे करा." दिपिकाने पुढे वाकून स्वतःच वाचलं. शहाऐंशी, म्हणजे फारच कमी. तिने आवाज अगदी नेहमीसारखा ठेवला. "हितेश, ऑक्सिजनचा बेड. आत्ता."

"फोन ठेवू नकोस," हितेश म्हणाला. दुसऱ्या फोनवरून आणखी दोघांतिघांचे आवाज येत होते, सगळे कुठे ना कुठे बोलत होते. गल्लीतली माणसं ओट्यांवर आली. टिफनीच्या मम्मीने तोंडावर हात ठेवला. मग हितेशचा आवाज आला, "एक मिळालाय! पण तासाभरापेक्षा जास्त धरून ठेवणार नाहीत. ॲम्ब्युलन्सला मात्र दोन तास लागतील म्हणतात."

निकोलसकाकांचा टेम्पो बोळिंजला निघायच्या तयारीत भरून उभा होता. काकांनी टेम्पोकडे बघितलं, आजीच्या खिडकीकडे बघितलं, आणि पहिलं क्रेट उचलून रस्त्यावर ठेवलं.

"बघताय काय सगळे? उतरवा ती वांगी! आणि गादी आणा कुणीतरी!"

टेम्पो रिकामा व्हायला वेळ लागला नाही. अडचण वेगळीच होती. आजीने दाराला आतून कडी घातली होती.

"आजी, दार उघडा."

"नाही."

"ॲन्सेल्मदादांचं टिफनीने सांगितलं मला," दिपिका म्हणाली. ती ओट्याच्या पायरीवर बसली, जणू सकाळ सगळी तिच्याच मालकीची होती. "माझ्या आजोबांनापण नेलं होतं गेल्या वर्षी. तुम्ही ओळखत असाल. काळूराम. खाडीवरून होळी बाजारात तांदूळ घेऊन यायचे."

आत पलंग करकरला. मग, "मोठ्या... मिशीवाला?"

"तेच."

"मग?"

"मग काय, आले परत. आता रोज शिव्या घालतात आम्हाला, भात मऊ झाला म्हणून."

"खोटं... बोलतेस."

"फोन लावू?" दिपिकाने लगेच लावला आणि आवाज मोठा करून खिडकीशी धरला. पलीकडून म्हातारा असा ओरडला की सगळ्या गल्लीला ऐकू गेलं.

"कोन? होळीकडची बाय? आगं जा की! भितेस काय? पानी मिलतं, हवा मिलते नळीतून. आनि डाळ मागून घे. भात बेकार असतो, पन डाळ बरी असते!"

घाबरलेल्या त्या गल्लीत कुणीतरी फसकन हसलं. आतून आजीचा आवाज आला, हसली की खोकली कळलं नाही. मग ती म्हणाली, "पण लुगडं... नेसल्याशिवाय... जायची नाही."

दिपिकाने घड्याळाकडे बघितलं. नऊवारी लुगडं, आणि आजीला दोन शब्द बोलायला दम लागत होता. तिने हताश होऊन टिफनीकडे पाहिलं.

"आजी, नेसायला वेळ नाहीये," टिफनी खिडकीशी जाऊन म्हणाली. "पेटीवर घडी दिसतेय, ती अंगावर घे. पांघरून जा. चौकड्या वरच्या बाजूला ठेव म्हणजे सगळ्यांना दिसतील."

थोड्या वेळाने कडी वाजली.

आजी दाराला धरून उभी होती. गाऊनवर खांद्यापासून पायापर्यंत लाल लुगडं ओढलेलं. दिपिकाने दोन मास्क, पडदा, मोजे असा सगळा जामानिमा करून तिला धरलं आणि टेम्पोत गादीवर निजवलं. टेम्पो सुरू झाला. आजीने मान वळवली आणि लांब उभ्या असलेल्या टिफनीला म्हणाली, "क्रुसाकडे बघून... बोलली होतीस."

एवढंच. निकोलसकाकांनी स्वतः बांबू उचलला आणि टेम्पो गेला.

बेड मिळाला. नळी लागली. हे सगळं हितेशने फोनवर सांगितलं तेव्हा मम्मी टिफनीला जवळ ओढून तिच्या केसांत तोंड लपवून खूप वेळ तशीच राहिली. तपासणीत टिफनीच्या घरचे सगळे ठीक निघाले. दिपिका काही दिवस घरातच वेगळ्या खोलीत राहिली, तिलाही काही झालं नाही. तिच्या जागी दुसरी मुलगी गावात येऊ लागली.

रोज दुपारी मम्मीच्या फोनवर हितेश बोलायचा.

"आज आजी उठून बसल्या."

"माझ्याबद्दल काही म्हणाली?" टिफनी विचारायची.

"नाही गं," हितेश म्हणायचा. तो कधी उगाच गोड बोलायचा नाही.

दुसऱ्या दिवशी, "आज पेज प्यायल्या."

"माझ्याबद्दल?"

"नाही, टिफनी."

मग एका दुपारी तो स्वतःच हसत होता. "आज आजी नर्सशी भांडल्या! म्हणाल्या, याला काय डाळ म्हणतात का? त्या काळूरामला जाऊन विचारणार आहेत!" ही बातमी ओट्याओट्यावरून पुढे गेली आणि गल्लीत कितीतरी दिवसांनी मोठ्याने हसायचा आवाज झाला. भांडायला लागली म्हणजे क्लेमेंटीन बरी झाली, यात कुणाला शंका उरली नाही. त्या संध्याकाळी प्रार्थनाही सगळ्यांनी नेहमीपेक्षा मोठ्याने म्हटली.

मधल्या काळात ज्युलियस सरांनी नियमही बदलला. फडकी फाटकाला राहिली, पण आता हितेश आणि त्याचे सोबती गावातल्या म्हाताऱ्या बायांना फोन करायचे तेव्हा पहिला प्रश्न असायचा, "आजी, लुगडं वाळत घातलं का?" एका आजीने तर रागावून विचारलं म्हणे, "कॉलेजात तुम्हाला आता हेच शिकवतात काय?"

आजी परत आली ती निकोलसकाकांच्याच टेम्पोतून, पुढे काकांच्या शेजारी बसून. काका नाक्यापासूनच हॉर्न वाजवत आले. सगळे ओट्यांवर उभे राहून टाळ्या वाजवत होते. आजी वाळली होती, पण लुगडं नेसली होती, स्वतः नेसली होती. सगळ्यांना तिने हात केला. टिफनीपाशी मात्र तिची नजर थांबली नाही. ती घरात गेली आणि दार लागलं.

"दमलीय ती," मम्मी म्हणाली.

"रागावलीय," टिफनी म्हणाली. तरीही तिला खूप वाईट वाटत होतं असं नाही. बाजूच्या घरातून भांड्यांचा आवाज येत होता, आणि तो ऐकत ती कितीतरी दिवसांनी पोटभर जेवली.

दुसऱ्या दिवशी सकाळी चर्चची घंटा झाली. टिफनी फाटकाशी येऊन उभी राहिली, पण आत जायचा धीर होईना. तार रिकामीच होती. खिडकी उघडली.

"तिथं काय उभी आहेस खांबासारखी?" आवाज बारीक होता, पण आजीचाच होता. "इकडं ये."

टिफनी गेली. आजीने तिच्याकडे बराच वेळ बघितलं.

"ॲन्सेल्मला न्यायला आले तेव्हा त्याला किती दिवस बरं नव्हतं, माहीत आहे?" आजी म्हणाली. "त्यानंपण मला सांगितलं होतं, कुणाला बोलू नको. मी नाही बोलले." तिने खिडकीच्या गजांतून लाल लुगड्याची घडी बाहेर ढकलली. "माझे हात अजून वर होत नाहीत. घे. आणि चौकड्या सरळ आल्या पाहिजेत, नाही तर परत घालायला लावीन."

टिफनीने लुगडं छातीशी धरलं आणि विहिरीवर नेलं. दगडावर भिजवलं, चोळलं, जमेल तसं आपटलं. भिजल्यावर ते इतकं जड झालं, की खांद्यावर टाकून नेताना तिचा फ्रॉक गळ्यापासून खाली ओला झाला. तार उंच होती. तिने निकोलसकाकांचं एक रिकामं क्रेट आणून पालथं घातलं, त्यावर चढली आणि एक टोक आंब्याकडून फणसापर्यंत ओढत नेलं. "डावीकडे ओढ," खिडकीतून हुकूम आला. तिने ओढलं. "आणखी." आणखी ओढलं. मग खाली उतरून ती दोन पावलं मागे आली आणि बघितलं, आजी बघायची तसं.

नाक्यावर स्कूटर थांबली होती. दिपिका आली होती, आणि फाटकाकडे न बघता वर तारेकडे बघत होती.

टिफनीने खुंटीवर परत आणून ठेवलेलं हिरवं फडकं काढलं, त्याला आपले ओले हात नीट पुसले, पुन्हा क्रेटवर चढली, आणि उरलेल्या चिमट्याने ते लुगड्याच्या शेजारी वाळत घातलं.